दहा टेस्लाच्या क्षेत्रात द्विमितीय इलेक्ट्रॉनांचा सीबेक गुणांक मोजताना

क्वांटम हॉल परिणामावर (जोरदार चुंबकीय क्षेत्रात पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनांचा आडवा, म्हणजे हॉल रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, त्यावर) काम करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना रोध मोजणं छान जमलेलं असतं. लॉक-इन (एकाच वारंवारतेचा सिग्नल वेचून काढणारा ॲम्प्लिफायर), चार टोकांची जोडणी, क्षेत्राचा स्वीप (चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत नेणं) हे सगळं हातात बसलेलं असतं. मग एक दिवस सँपलच्या टोकाला हीटर चिकटवून औष्णिक व्होल्टता मोजायचं ठरतं, आणि पहिल्याच रात्री पडद्यावर सुंदर शिखरं दिसतात. पठारावर (जिथे हॉल रोध सपाट राहतो तिथे) शून्य, दोन पठारांच्या मध्ये शिखर, अगदी सिद्धांतात सांगितल्यासारखं. इथेच सावध व्हायला हवं. ती शिखरं इलेक्ट्रॉनांची स्वतःची असतील असं नाही. बहुतेक वेळा ती स्फटिकातल्या कंपनांनी, म्हणजे फोनॉनांनी, इलेक्ट्रॉनांना ओढत नेल्याची असतात.

हा लेख त्या पहिल्या रात्रीच्या आधी वाचण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकांच्या सांध्यावरचा इलेक्ट्रॉनांचा थर घेतला आहे, कारण या विषयातलं सर्वांत स्वच्छ काम त्यावर झालं आहे. ग्राफीनबद्दल (कार्बनचा एका अणूएवढा जाड थर) थोडं पुढे येईलच.

मोजतोय ते नेमकं काय

थॉमस सीबेकने १८२१ मध्ये पाहिलेला परिणाम सर्वांना माहीत असतो: दोन टोकांच्या तापमानात फरक असला की व्होल्टता निर्माण होते. त्यात चुंबकीय क्षेत्र आणलं की उष्णतेच्या प्रवाहाला काटकोनातही व्होल्टता मिळते. ग्राट्झला बोल्ट्झमनच्या प्रयोगशाळेत एटिंग्सहाउझेन आणि नर्न्स्ट बिस्मथमधला हॉल परिणाम तपासत होते, तेव्हा १८८६ मध्ये त्यांना ही आडवी व्होल्टता सापडली. म्हणजे आपल्याला दोन राशी मोजायच्या आहेत: उष्णतेच्या दिशेतला सीबेक गुणांक (तापमानातल्या दर केल्विन फरकामागे मिळणारी व्होल्टता) आणि तिला आडवा नर्न्स्ट गुणांक.

जोरदार क्षेत्रात सीबेक गुणांकाला एक विलक्षण अर्थ येतो. ओब्राझ्त्सोव्ह यांनी १९६५ मध्ये दाखवलं की क्षेत्र पुरेसं मोठं असेल आणि अशुद्धींचा उपद्रव कमी असेल, तर सीबेक गुणांक म्हणजे इलेक्ट्रॉनांची एकूण एन्ट्रॉपी (ते किती वेगवेगळ्या प्रकारे मांडले जाऊ शकतात याचं माप) भागिले त्यांचा एकूण विद्युतभार. व्होल्टमीटरवर एन्ट्रॉपी वाचता येण्याची संधी भौतिकशास्त्रात फार क्वचित मिळते. या मोजमापासाठी इतके कष्ट घ्यायचे ते त्यासाठीच.

हा हिशेब एकदा स्वतः करून पाहा, पाच मिनिटांचा आहे. प्रत्येक लँडाऊ पातळीत (क्षेत्रात इलेक्ट्रॉनांना ज्या ठरावीक ऊर्जा मिळतात त्यांपैकी एक), स्पिन वेगळे धरले तर, दर चौरस सेंटिमीटरला दर टेस्लामागे २४.२ अब्ज जागा असतात. समजा इलेक्ट्रॉनांची घनता दर चौरस सेंटिमीटरला २४२ अब्ज आहे. मग १० टेस्लाला बरोबर एक पातळी भरते (भरलेल्या पातळ्यांची संख्या, म्हणजे भरणांक १), ५ टेस्लाला दोन (भरणांक २), ४ टेस्लाला अडीच. पातळी पूर्ण भरलेली असेल तर इलेक्ट्रॉनांना मांडणी बदलायला वावच नाही, एन्ट्रॉपी शून्य, म्हणून सीबेकही शून्य. पातळी निम्मी भरलेली असेल तर दर जागेमागे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले २ चा नैसर्गिक लॉगरिदम इतकी एन्ट्रॉपी. तिला विद्युतभाराने भागलं की शिखराची उंची मिळते: ५९.७ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन, भागिले भरणांक. भरणांक दीडला सुमारे ४०, अडीचला सुमारे २४. या सूत्रात ना पदार्थाचं नाव आहे, ना वस्तुमान, ना गतिशीलता. गिर्व्हिन आणि जॉन्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे आकडे क्वांटम हॉल प्रणालींसाठी मांडले.

पण अट लक्षात ठेवा. औष्णिक ऊर्जा पातळीच्या रुंदीपेक्षा बरीच मोठी आणि दोन पातळ्यांमधल्या अंतरापेक्षा बरीच लहान हवी. गॅलियम आर्सेनाइडमध्ये लँडाऊ पातळ्यांमधलं अंतर दर टेस्लाला सुमारे २० केल्विन असतं, पण स्पिनमुळे पडणारी साधी फूट दर टेस्लाला जेमतेम ०.३ केल्विन. पातळीची रुंदी मात्र बहुतेक सँपलमध्ये केल्विनच्या घरात जाते. म्हणजे ०.१ केल्विनला तुम्ही त्या आदर्श शिखराच्या बरेच खाली असाल आणि सीबेक तापमानाच्या प्रमाणात घटत जाईल. ४० मायक्रोव्होल्ट मिळाले नाहीत म्हणून निराश होऊ नका. ०.३ केल्विनला ४०० मिळाले, तर मात्र काळजी करा.

पायरी १: सँपल कापणं आणि कॉन्टॅक्ट

रोध मोजण्यासाठी दोन मिलिमीटरचा चौकोनी तुकडाही चालतो. इथे लांबट पट्टी हवी, उदाहरणार्थ १२ मिलिमीटर लांब, ३ रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड. उष्णता लांबीच्या दिशेने सरळ वाहिली पाहिजे आणि मधला भाग दोन्ही टोकांपासून दूर असला पाहिजे. फोटोलिथोग्राफीने मधल्या भागात हॉल बार कोरा: दोन्ही कडांना निदान दोन-दोन व्होल्टता टोकं, एकमेकांपासून काही मिलिमीटर दूर आणि शक्य तितकी समोरासमोर.

कॉन्टॅक्टसाठी निकेल आणि सोनं-जर्मेनियम यांचे थर चढवून तापवण्याची नेहमीची पद्धत चालते. फक्त एक काळजी घ्या. इथे कॉन्टॅक्टमधून प्रवाह जात नाही, त्यामुळे वाईट कॉन्टॅक्ट लगेच ओळखू येत नाही, तो केवळ गोंगाट वाढवतो आणि तुम्ही त्याचं खापर ॲम्प्लिफायरवर फोडता. थंड झाल्यावर, क्षेत्रात, पठाराच्या मधोमध प्रत्येक कॉन्टॅक्टचा रोध तपासा आणि वहीत लिहा.

पट्टीची मागची बाजू घासलेली आहे की चकचकीत, हेही लिहून ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पायरी २: हीटर, थंड टोक आणि तारा

पट्टीचं एक टोक इंडियमने तांब्याच्या ठोकळ्याला जोडा आणि ठोकळा डायल्यूशन फ्रिजच्या (हेलियमच्या मिश्रणाने केल्विनच्या शंभराव्या भागापर्यंत थंड करणाऱ्या यंत्राच्या) थंड बोटाला घट्ट स्क्रूने बसवा. दुसरं टोक मोकळं लोंबतं ठेवायचं आणि त्यावर हीटर चिकटवायचा. धातूच्या पातळ थराचा रोधक चांगला, कारण त्याचा रोध तापमानाने आणि क्षेत्राने फारसा बदलत नाही. हीटर थोडक्या इपॉक्सीने लावा. इपॉक्सीचा जाड गोळा म्हणजे उष्णतेचं गोदाम, ते भरायला आणि रिकामं व्हायला वेळ घेतं.

सँपल निर्वातात असलंच पाहिजे. द्रव हेलियमच्या मिश्रणात बुडवलेल्या सँपलवर हा प्रयोग होत नाही, उष्णता द्रवातून निघून जाते.

पट्टीपासून बाहेर जाणाऱ्या तारा निओबियम-टायटेनियमच्या घ्या. अतिवाहक असल्याने त्या उष्णता जवळजवळ नेत नाहीत, आणि अतिवाहकाचा स्वतःचा सीबेक गुणांक शून्य असतो, म्हणजे तारांची वजाबाकी करायची गरज उरत नाही. मात्र ४ केल्विनला सुमारे १० ते ११ टेस्लाच्या पुढे ही मिश्रधातू अतिवाहक राहत नाही. मिलिकेल्विन तापमानात तिला आणखी काही टेस्ला सोसतात. तुमचं क्षेत्र त्यापुढे जाणार असेल तर तारांची वाट आधीच ठरवा.

तारा पिळून जोड्या करा आणि वार्निशने पक्क्या चिकटवा. हा सल्ला किती गंभीर आहे हे एका हिशेबातून कळेल. १० टेस्लात एक चौरस मिलिमीटरचा तारेचा वळसा आहे आणि पंपाच्या कंपनाने त्याचं क्षेत्रफळ हजाराव्या भागाने, सेकंदाला दहा वेळा कमीजास्त होतंय. त्यातून सुमारे ०.६ मायक्रोव्होल्टची व्होल्टता तयार होते. आपला खरा सिग्नल काही नॅनोव्होल्टचा असणार आहे, म्हणजे तिच्या शंभराव्या भागाएवढा.

पायरी ३: तापमापक, म्हणजे सगळ्यात अवघड भाग

सीबेक गुणांक म्हणजे व्होल्टता भागिले तापमानातला फरक. वरचा आकडा सगळे जिवापाड जपतात, खालच्या आकड्याकडे दुर्लक्ष करतात. प्रसिद्ध होणाऱ्या निकालातली बरीचशी अनिश्चितता या खालच्या आकड्यातूनच येते, असं माझं ठाम मत आहे.

पट्टीवर दोन रुथेनियम ऑक्साइडचे चिप तापमापक लावा, व्होल्टता टोकांच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ. त्यांचा रोध क्षेत्राने थोडा बदलतो, आणि आपण दोन तापमापकांच्या वाचनातला लहानसा फरक घेत असल्यामुळे तो थोडासा बदलही महाग पडतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे हीटर बंद ठेवून, प्रत्येक क्षेत्राला, फ्रिजच्या क्षेत्राबाहेर बसवलेल्या तापमापकाशी त्यांची तुलना करून तक्ता बनवायचा. वेळखाऊ आहे, पण एकदाच करायचं असतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. पट्टीतली जवळपास सगळी उष्णता स्फटिकाची कंपनं वाहून नेतात, इलेक्ट्रॉनांचा वाटा नगण्य असतो. आणि शुद्ध गॅलियम आर्सेनाइडच्या कंपनांना चुंबकीय क्षेत्राशी देणंघेणं नसतं. म्हणून शून्य क्षेत्रात पट्टीची उष्णतावाहकता वेगवेगळ्या तापमानांना काळजीपूर्वक मोजून ठेवायची, आणि क्षेत्रात गेल्यावर फक्त हीटरची शक्ती मोजायची. शक्ती आणि वाहकता यांवरून तापमानातला फरक काढता येतो. दोन्ही उपाय करून पाहा, उत्तरं पाच टक्क्यांच्या आत जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

वाहकतेचा अंदाज आधी कागदावर करा. कमी तापमानात फोनॉन पट्टीच्या कडांवर आपटेपर्यंत सरळ जातात, म्हणून त्यांची मुक्त वाट सुमारे एक मिलिमीटर धरा. ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला साधारण ३.३ किलोमीटर आणि डिबाय तापमान (स्फटिकाच्या कंपनांची कमाल ऊर्जा तापमानात सांगणारा आकडा) सुमारे ३४४ केल्विन घेतलं, तर वर सांगितलेल्या पट्टीच्या ५ मिलिमीटर लांबीची वाहकता १ केल्विनला साधारण १ मिलिवॅट प्रति केल्विन येते, आणि ती तापमानाच्या घनाप्रमाणे घसरते. ०.१ केल्विनला ती हजारपटीने कमी, म्हणजे १ मायक्रोवॅट प्रति केल्विन. तिथे १० मिलिकेल्विनचा फरक हवा असेल तर हीटरला सुमारे १० नॅनोवॅट द्यायचे. आलेख काढताना वाहकतेला तापमानाच्या घनाने भागा आणि आडवी रेषा मिळते का पाहा. रेषा एका टोकाला वर वळत असेल, तर तारांतून किंवा उरलेल्या वायूतून उष्णता गळते आहे.

पायरी ४: हीटर न लावता पहिला स्वीप

थंड झाल्यावर लगेच सीबेककडे धावू नका. आधी साधा रोध मोजा. हॉल रोधाच्या चढावरून घनता काढा. दर चौरस सेंटिमीटरला २४२ अब्ज असेल तर चढ दर टेस्लाला २,५८१ ओहम येईल. भरणांक २ चं पठार १२,९०६ ओहमवर सपाट बसलं पाहिजे. ही घनता प्रत्येक वेळी थंड केल्यावर थोडी वेगळी येते, आणि सँपलवर लाल प्रकाश टाकला असेल तर बरीच वेगळी. मागच्या महिन्याचा आकडा वापरू नका.

याच वेळी इलेक्ट्रॉन खरोखर थंड झाले आहेत का तेही बघा. फ्रिज २० मिलिकेल्विन दाखवतो आणि इलेक्ट्रॉन १०० वर अडकलेले असतात, हे नेहमीचं आहे. तारांतून येणाऱ्या रेडिओ लहरी त्यांना तापवतात. एखाद्या नाजूक अपूर्णांकी अवस्थेचा (अपूर्णांक भरणांकावर बनणाऱ्या क्वांटम हॉल अवस्थेचा) रोध फ्रिजचं तापमान उतरवत जाताना पाहा. तो बदलायचा थांबला, की इलेक्ट्रॉन तिथेच थांबले. प्रत्येक तारेवर चांगला फिल्टर बसवल्याशिवाय ०.१ केल्विनच्या खालचं काहीही लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

पायरी ५: सिग्नल काढणं

शून्य क्षेत्रात, ०.१ केल्विनला, इलेक्ट्रॉनांच्या स्वतःच्या विसरणामुळे (गरम टोकाकडून थंड टोकाकडे आपोआप पसरण्यामुळे) येणारा सीबेक किती असेल? आपल्या घनतेला फर्मी तापमान (सर्वांत वरच्या भरलेल्या अवस्थेची ऊर्जा, तापमानात सांगितलेली) सुमारे १०० केल्विन आहे. मॉटच्या सूत्राने (विसरणाच्या सीबेकचं नेहमीचं सूत्र) दर केल्विनला साधारण २.८ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन येतात, वर विखुरण्याच्या प्रकारानुसार एक-दोनच्या घरातला गुणक. म्हणजे ०.१ केल्विनला ०.३ ते ०.६ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन. तापमानातला फरक १० मिलिकेल्विन असेल तर हातात ३ ते ६ नॅनोव्होल्ट.

इतका लहान सिग्नल डीसी पद्धतीने काढता येतो, पण तारांच्या सांध्यांवरच्या औष्णिक व्होल्टता तासातासाला सरकतात, आणि क्षेत्राचा स्वीप स्वतःच व्होल्टता निर्माण करतो. मिनिटाला ०.१ टेस्ला वेगाने स्वीप केला तर एका चौरस मिलिमीटरच्या वळशात १.७ नॅनोव्होल्ट. म्हणून हीटरमधून एसी प्रवाह सोडा. तापण्याची शक्ती प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे तापमान दुप्पट वारंवारतेने वरखाली होतं. लॉक-इन दुसऱ्या हार्मोनिकवर लावला की हीटरच्या तारांतून थेट घुसणारा मूळ वारंवारतेचा गोंगाट आपोआप बाजूला पडतो.

इथे नवीन माणूस हमखास एका ठिकाणी अडकतो. साइनचा वर्ग केला की उणे कोसाइन मिळतो, म्हणून खरा सिग्नल लॉक-इनच्या सम-कलेत येत नाही, तो नव्वद अंशांच्या वाहिनीत येतो. चुकीच्या वाहिनीकडे बघत दोन-दोन दिवस घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. दुसरी गोष्ट, तापमान केवळ हलत नाही, त्याची सरासरीही तेवढीच वर जाते. आलेखावर फ्रिजचं तापमान लिहू नका, पट्टीच्या मधल्या भागाचं सरासरी तापमान लिहा.

वारंवारता किती ठेवावी? स्फटिक स्वतः फार चपळ आहे. आपल्या पट्टीत उष्णता पसरायला ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मंदावतात ते इपॉक्सी आणि चिप तापमापक. म्हणून १ ते २० हर्ट्झ दरम्यान वारंवारता बदलून पाहा आणि जिथे सिग्नल आणि कला दोन्ही स्थिर आहेत तिथे काम करा. मेनच्या ५० हर्ट्झशी सोपं नातं असलेले आकडे टाळा.

मग हीटरचा प्रवाह बदलत जा आणि व्होल्टता प्रवाहाच्या वर्गासमोर मांडा. शून्यातून जाणारी सरळ रेषा आलीच पाहिजे. माझ्या सुरुवातीच्या काळात तीन आठवड्यांची मोजमापं मी याच एका आलेखाअभावी टाकून दिली. शिखरं होती, पठारं होती, पण रेषा शून्यातून जात नव्हती. हीटरची एक तार सँपलच्या ग्राउंडला हलकीशी टेकत होती आणि काही प्रवाह थेट इलेक्ट्रॉनांच्या थरातून जात होता. मी जे मोजत होतो तो रोधच होता, दुसऱ्या वेशात. आता हीटर आणि सँपल यांच्यातला विद्युतरोध थंड अवस्थेत तपासल्याशिवाय मी क्षेत्र चढवत नाही.

पायरी ६: क्षेत्र उलटवणं

प्रत्येक स्वीप दोन्ही दिशांच्या क्षेत्रांत करा. सीबेक गुणांक क्षेत्र उलटवल्यावर तोच राहतो, नर्न्स्ट गुणांकाचं चिन्ह बदलतं. व्होल्टता टोकं केसभर पुढेमागे असतील, किंवा उष्णता किंचित तिरकी वाहत असेल, तर एक राशी दुसरीत मिसळते. दोन स्वीपची सरासरी घेतली की सीबेक वेगळा होतो, फरकाचा निम्मा घेतला की नर्न्स्ट.

शुद्ध सिग्नलमध्ये सीबेक पातळी निम्मी भरलेली असताना शिखर गाठतो, आणि नर्न्स्ट त्याच ठिकाणी एका चिन्हातून दुसऱ्या चिन्हात शिरताना शून्य ओलांडतो. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवा. शिखर आणि ते शून्य एकाच क्षेत्रावर येत नसतील तर उलटवण्यात किंवा टोकांच्या क्रमात चूक आहे.

सीबेक, नर्न्स्ट आणि दोन्ही रोध हातात आले की त्यांतून औष्णिक प्रवाहाचा आडवा गुणांक काढा. आदर्श परिस्थितीत त्याचं शिखर प्रत्येक स्पिन-पातळीसाठी तेच असतं: २.३ नॅनोॲम्पिअर प्रति केल्विन, फक्त विश्वातल्या स्थिरांकांनी बनलेलं. वेगवेगळ्या पातळ्यांची शिखरं एकमेकांशी ताडून पाहायला हा गुणांक सीबेकपेक्षा जास्त सोयीचा, कारण त्यात भरणांकाचा भागाकार नसतो.

पायरी ७: फोनॉनांना ओळखणं

आता मुख्य गोष्ट. १९८० च्या दशकाच्या मध्यात फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या थरांवर मोजमापं केली, तेव्हा विसरणाच्या सिद्धांतापेक्षा कितीतरी मोठे सीबेक गुणांक मिळाले. कारण लवकरच समजलं. गरम टोकाकडून थंड टोकाकडे वाहणारे फोनॉन इलेक्ट्रॉनांना धक्के देत सोबत नेतात. हिला मी फोनॉन-ओढ म्हणतो. या ओढीने आलेला सीबेकही क्षेत्रात तसाच डोलतो, पठारावर शून्य होतो, दोन पठारांच्या मध्ये शिखर दाखवतो. आलेखाचा आकार पाहून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणूनच सुरुवातीला सावध केलं.

ओळखायची पहिली खूण तापमान. विसरणाचा भाग तापमानाच्या प्रमाणात बदलतो, ओढीचा भाग साधारण तिसऱ्या ते चौथ्या घाताने. एका ठरावीक क्षेत्राला थांबा, शून्य क्षेत्रही चालेल, आणि ०.०५ पासून १ केल्विनपर्यंत निदान दहा ठिकाणी सीबेक मोजा. सीबेक भागिले तापमान ही राशी तापमानाच्या वर्गासमोर मांडा. खाली सपाट होणारा भाग विसरणाचा, वर चढणारा ओढीचा. सपाट भाग दिसलाच नाही तर तुमच्याकडे इलेक्ट्रॉनांची एन्ट्रॉपी मोजलेली नाही, हे स्पष्ट लिहा. सँपलनुसार हा बदल ०.१ ते ०.५ केल्विनच्या दरम्यान कुठेतरी होतो. म्हणजे फक्त द्रव हेलियमच्या तापमानावर चालणाऱ्या यंत्रावर गॅलियम आर्सेनाइडचं हे काम होत नाही, डायल्यूशन फ्रिज लागतोच.

दुसरी खूण जास्त पक्की आहे, पण मेहनतीची. ओढ किती जोरदार असेल हे फोनॉन न अडखळता किती लांब जातात यावर ठरतं. म्हणून त्याच वेफरच्या दोन पट्ट्या घ्या, एकीची मागची बाजू चकचकीत, दुसरीची बारीक वाळूने खरवडलेली. खरवडलेल्या पट्टीत फोनॉनांची मुक्त वाट कमी होते, उष्णतावाहकता त्याच प्रमाणात घटते, आणि ओढीचा सीबेकही त्याच प्रमाणात घटतो. विसरणाचा भाग मात्र हलत नाही. एकाच मोजमापात दोन वाहकता आणि दोन सीबेक तुमच्यासमोर असतात, वाद घालायला जागा उरत नाही.

कॅलटेकमधल्या आयझेनस्टाइन यांच्या गटाने २०१० मध्ये शून्य क्षेत्रात ओढीकडून विसरणाकडे होणारा हा बदल स्वच्छ दाखवला. भरणांक दीडलाही विसरणाचा भाग दिसला, आणि त्यावरून कंपोझिट फर्मिऑनांच्या (चुंबकीय फ्लक्स जोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) वस्तुमानाचा अंदाज काढता आला. तो निबंध तापमानाच्या नोंदी कशा ठेवाव्यात याचा वस्तुपाठ म्हणून मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो.

ग्राफीनवर करायचं असेल तर

सोय मोठी आहे. ग्राफीनमध्ये पहिली पातळी शून्यापासून १० टेस्लाला सुमारे ११५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टवर असते, म्हणून डायल्यूशन फ्रिजशिवायही काम होतं. सिलिकॉन ऑक्साइडवरच्या ग्राफीनमध्ये ओढ क्षीण असते, आणि गेटने (जवळच्या इलेक्ट्रोडला व्होल्टता देऊन) घनता बदलता येत असल्याने क्षेत्र स्थिर ठेवून शिखरामागून शिखर पाहता येतं. हीटर आणि तापमापक दोन्ही चिपवरच, लिथोग्राफीने काढलेल्या सोन्याच्या बारीक रेघा असतात. २००९ मध्ये तीन गटांनी जवळपास एकाच वेळी अशी मोजमापं प्रसिद्ध केली. एक गोष्ट वेगळी दिसेल: शून्याच्या पातळीवर भूमिका उलटतात, तिथे नर्न्स्ट शिखर गाठतो आणि सीबेक चिन्ह बदलतो. ती चूक नाही, त्या पातळीवर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) दोन्ही वाटेकरी असल्याचा तो परिणाम आहे.

अडीचच्या भरणांकावर

सगळ्या पायऱ्या नीट पार पडल्या आणि सँपल फार उच्च प्रतीचं असेल, तर इथे थांबा. आपल्या उदाहरणात ४ टेस्ला. भरणांक ५/२ च्या अपूर्णांकी अवस्थेत जे अर्धकण (इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक वागण्यातून बनणारे, कणासारखे वागणारे घटक) असतात ते एका मतानुसार असे आहेत की प्रत्येकामागे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले २ च्या वर्गमुळाचा लॉगरिदम इतकी एन्ट्रॉपी, तापमान कितीही उतरवलं तरी, शिल्लक राहते. ती सीबेकमधून दिसावी असं यांग आणि हाल्पेरिन यांनी २००९ मध्ये सुचवलं, आणि आयझेनस्टाइन गटाने या भागातली मोजमापं २०१३ मध्ये प्रसिद्ध केली.

सिग्नल किती येईल ते आधी काढा. क्षेत्र ५/२ च्या नेमक्या जागेपासून एक टक्का सरकवलं की घनतेत दर चौरस सेंटिमीटरला २.४ अब्ज इलेक्ट्रॉनांची तफावत पडते. अर्धकणाचा भार इलेक्ट्रॉनाच्या चौथ्या भागाइतका, म्हणून अर्धकण ९.७ अब्ज. त्यांची एन्ट्रॉपी सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या भाराने भागली की सुमारे १.२ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन. ३० मिलिकेल्विनला तापमानातला फरक ३ मिलिकेल्विनच्या वर नेणं योग्य नाही, म्हणजे व्होल्टता ३.६ नॅनोव्होल्ट आणि हीटरची शक्ती नॅनोवॅटच्या दहाव्या भागाइतकी. प्रत्येक बिंदूवर दहा-पंधरा मिनिटं सरासरी घ्या. क्षेत्र ५/२ च्या दोन्ही बाजूंना पाव-पाव टक्क्याने सरकवा, प्रत्येक ठिकाणी २० ते ६० मिलिकेल्विन दरम्यान पाच तापमानं घ्या, आणि प्रत्येक ठिकाणचा सीबेक तापमानासमोर मांडून रेषा शून्य तापमानापर्यंत वाढवा. साध्या विसरणाची रेषा शून्यात उतरेल. ती शिल्लक एन्ट्रॉपी खरी असेल तर रेषा शून्याच्या वर राहील, आणि ती उंची ५/२ पासूनच्या अंतराच्या प्रमाणात, दोन्ही बाजूंना सारखीच वाढत जाईल. त्यासाठी चार-पाच रात्री सलग मिळाल्या पाहिजेत, तेव्हा फ्रिजचं वेळापत्रक आधीच मागून घ्या.